साडेबाराला कोण काय वाचतं

आईबाप रात्री मोबाइलवर काय वाचतात ते पाहा, त्यांच्या जिवाची घालमेल आपोआप कळेल, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. हा तर्क अगदीच पोकळ नाही. माणूस डॉक्टरांपुढे नि सासूपुढे जे बोलत नाही, ते फोनला विचारून मोकळा होतो. इथवर मान्य. पण वाचनाच्या नोंदीवरून थेट ताण मोजायचा, ही पुढची उडी मात्र मला पटत नाही.

कामशेतचं एक घर माझ्या पाहण्यातलं. फोन एकच. तो नवऱ्याबरोबर तळेगाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो आणि रात्री साडेबाराला घरी येतो. त्या दिवशी बाळाला दीड महिन्याची लस टोचलेली. मांडी टणक लागतेय, अंग कढत. फोन हाती येताच आई लसीनंतरच्या तापाबद्दल वाचते, एक-दोन दिवसांत उतरतो हे कळल्यावर निजते. नोंद काय झाली? मध्यरात्र, बाळ, ताप, म्हणजे ताण! खरं तर वेळ कंपनीच्या पाळीने ठरवली होती, आणि वाचून जीव भांड्यात पडला होता. मग तोच फोन उचलून नवरा, थोरल्याच्या फीचा घोर डोक्यात घेऊन, क्रिकेटची रील्स सरकवत बसतो. त्याचा घोर कुठल्या नोंदीत आला?

अशीच उडी आधीही मारून झाली आहे. गूगलने २००८ मध्ये शोधशब्दांवरून अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज बांधायला घेतला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तो अंदाज सपशेल फुगला. २०१५ मध्ये ते आकडे छापणंच थांबलं. डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याची चिकित्सा केली. ही यंत्रणा फ्लूइतकाच हिवाळाही मोजत होती, हे त्यातलं एक मर्म. आता लोणावळ्याचा जुलै आठवा. दुपटी वाळता वाळत नाहीत, इस्त्री फिरवून सुकवायची, घरोघरी खोकला. शोधांचा आलेख चढला तर तो ताणाचा की पावसाचा?

एकच माणूस तोच प्रश्न शब्द बदलून महिनाभर विचारत राहिला, तर कान टवकारावेत, हे मी मानतो. पण तेही विचारपूस करायला निमित्त म्हणून. रिचर्ड अबिडिन यांची पालकांचा ताण मोजणारी प्रश्नावली १९८३ सालची. तीसुद्धा पालकालाच विचारते.

आणि पवन मावळात भातलावणीहून चिखलाच्या पायांनी येऊन, पोरांना जेवू घालून जी आडवी होते, तिने वाचलंय काय? तिला झोप लागते का, हे विचारायला अजून आशाताईच उंबऱ्याशी येते.