रेनडिअर आणि दगडफूल

गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या परिचयाचे. मात्र ते फूल नव्हे; बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. याच जातकुळीची एक पांढुरकी, झुडुपासारखी प्रजाती उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वाढते. तेथे कळपाने चरणारे रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून ती खातात. लिनिअसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, तेही रेनडिअरवरूनच. खाद्याची ओळख खाणाऱ्याच्या नावाने व्हावी, यातला दृष्टिदोष पुढे इतिहास सांगणाऱ्यांतही उतरला.

बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे एक रेडिओ केंद्र होते. तिथल्या माणसांना अडीअडचणीला मांस मिळावे म्हणून १९४४ साली २९ रेनडिअर बेटावर सोडण्यात आले. युद्ध सरले, माणसे निघून गेली, जनावरे तिथेच राहिली. लांडगा नाही, शिकारी नाही आणि पायाखाली कधीच न चरलेल्या दगडफुलाचा जाड गालिचा! डेव्हिड क्लाइन या जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली १,३५० रेनडिअर मोजले आणि १९६३ साली ६,०००. त्यानंतरचा हिवाळा अतिशय कडक गेला. १९६६ साली क्लाइन परतला तेव्हा बेटभर सांगाडे विखुरले होते. जिवंत होते ४२. त्यांत नर एकच, आणि पाडस एकही नाही. १९८०च्या दशकापर्यंत तेही संपले.

ही कथा पुढे मानवी लोकसंख्यावाढीचा दृष्टान्त म्हणून वारंवार सांगितली गेली. मला तो दृष्टान्त सोयीस्कर वाटतो. रेनडिअर काही पोहत आले नव्हते. त्यांना आणणारे आणि विसरणारे हात कथेतून अलगद निसटतात. शिवाय तीत दगडफूल केवळ चारा म्हणून येते. वास्तविक पेच दोन काळांचा होता. रेनडिअरची मादी वर्षाला एक पाडस देते. दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. खाल्लेला गालिचा पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. म्हणजे कळप खात होता ते त्या वर्षीचे पीक नव्हतेच, तो अनेक वर्षांचा साठा होता. आणि साठा दिसतो तोवर त्याला पीक समजण्याची चूक जनावराच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे.

जवळच हॉल नावाचे छोटे बेट आहे. तिथे रेनडिअर कधी नेलेच नाहीत. २००५ साली दोन्ही बेटांची तुलना झाली, तेव्हा अखेरच्या कळपाला जाऊन दोन दशके उलटली होती. तरी सेंट मॅथ्यूवरचे दगडफूल हॉलच्या मानाने फारच तोकडे होते.