सात हात, म्हणजे साडेदहा फूट

१९५९चा जानेवारी. तुम्ही जिंतूर तालुक्यातल्या बोरीत आहात, माळवदाच्या एका घरासमोर, अंगणात. हैदराबाद राज्य सुटून गाव मुंबई राज्यात आलं, त्याला सव्वादोन वर्षं होताहेत. गुरुजींनी कापडात गुंडाळलेला कॅमेरा तुमच्या हातात ठेवलाय. म्युनिकचा आग्फा, इझोलेट टू. कळ दाबा. झाकण उघडतं, काळा भाता पुढे येतो, भिंग जागेवर बसतं.

जपून. ह्या भात्याच्या घड्यांना कोपऱ्यात बारीक भोकं पडतात आणि फोटोवर पांढरे डाग उमटतात. आयात आवळलेल्या ह्या दिवसांत दुसरा कॅमेरा मिळणं अवघड. रोलवर बाराच फोटो, त्यातले नऊ झालेत. मागच्या तांबड्या खिडकीत १० दिसेपर्यंत चाक फिरवा.

समोर आजी बसल्यात. अंतर किती?

"दहा फूट धरा," गुरुजी म्हणतात.

"सात हात हाय," ओट्यावरून आजोबा सांगतात.

पोरं दोरी आणून मोजतात. सात हातच! म्हणजे साडेदहा फूट. इझोलेट थ्रीमध्ये अंतर मोजायची सोय असते. ह्या मधल्या मॉडेलमध्ये नाही. इथे नजरच लागते, आणि जन्मभर तिफणीमागे चाललेल्या माणसाची नजर अशी चुकत नाही. मला हा कॅमेरा आवडतो तो ह्याचसाठी. तो फोटो काढणाऱ्या एकट्याचा राहत नाही, अंगणातल्या सगळ्यांची त्याला गरज पडते.

भिंगाची कडी दहाच्या किंचित पुढे न्या. ऊन कलतंय, अॅपर्चर ११, शटर शंभरावर. एवढ्यावर साधारण आठ ते तेरा फुटांतलं सगळं रेखीव येईल, आजींमागची उतरंडसुद्धा. आता शटरचा खटका ओढून ठेवा.

"थांब बाबा, पदर घेऊ दे."

थांबा. घाई कशाला? पदर नीट झाला, आजींनी मान वर केली. दाबा.

कसा आला, ते आज कळणार नाही. रोल मोटारीने परभणीला जाईल, धुतला जाईल, आणि निगेटिव्हच्याच मापाचे, सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो परत येतील. आजींचा चेहरा त्यात करंगळीच्या नखाहूनही लहान असेल, तरी घरातला प्रत्येक जण तो ओळखेल.

अकरावा बैलजोडीचा, हे आजोबांनी परस्पर ठरवलंय. बाराव्यासाठी गुरुजींचा अख्खा वर्ग भिंतीपाशी उभा राहतोय. रांग लांबलचक आहे, आणि आजोबा आत्तापासूनच हाताने खुणावून तुम्हाला मागे मागे सरकवताहेत.