लास्लो कोझ्मा आणि त्यांचें गणकयंत्र

जुन्या स्वयंचलित टेलिफोन केंद्रांत पाऊल टाकलें, कीं खटखट असा अखंड आवाज कानांवर पडत असे. तो ‘रिले’ नांवाच्या लहानशा उपकरणाचा. तारेच्या वेटोळ्यांतून वीज गेली, कीं आंतील लोखंडाला चुंबकत्व येतें, समोरची पट्टी ओढली जाते आणि दुसरा विद्युत्प्रवाह जोडला किंवा तोडला जातो. एवढीं दोनच कामें त्याला ठाऊक. परंतु या दोन कामांवर सगळें अंकगणित उभें करतां येतें, हें ज्या थोड्या लोकांनीं लवकर ओळखलें, त्यांपैकीं लास्लो कोझ्मा हे हंगेरियन इंजिनियर एक होत.

कोझ्मा यांचा जन्म १९०२ सालीं मिश्कोल्ट्स येथें झाला. ते ज्यू होते. विद्यापीठांत ज्यूंच्या प्रवेशावर मर्यादा घालणारा कायदा हंगेरींत १९२० सालीं झाला होता. मायदेशीं दार बंद, म्हणून त्यांनीं कांहीं काळ कारखान्यांत काम केलें आणि पुढें चेकोस्लोव्हाकियांतील बर्नो येथें पदवी घेतली. १९३० सालीं ते बेल्जममध्यें अँटवर्प येथील बेल टेलिफोन कंपनींत रुजू झाले. तेथें टेलिफोन केंद्रांची आंखणी करीत असतांनाच, १९३८ च्या सुमारास, त्यांनीं रिलेंचें गणनयंत्र रचलें. टेलिफोनमध्यें जी विद्या माणसांना जोडीत होती, ती येथें आंकड्यांची बेरीज-वजाबाकी करूं लागली.

महायुद्धांत ते हंगेरीस परतले आणि माउटहाउझेनच्या छळछावणींत जाऊन पडले. तेथून जिवंत सुटल्यावर त्यांनीं उद्ध्वस्त बुडापेस्टची टेलिफोन व्यवस्था पुन्हा उभारण्यास हातभार लाविला. १९४८ सालीं सरकारनें त्यांस कोशुत पारितोषिक दिलें. श्रोतेहो, त्याच सरकारनें दुसऱ्याच वर्षीं त्यांस अटक केली! ते ज्या स्टँडर्ड कंपनींत काम करीत, तिची मालकी अमेरिकन होती. हेरगिरी व घातपात यांचा आरोप ठेवून १९५० च्या फेब्रुवारींत खटला चालविण्यांत आला. दोघांना देहान्त शिक्षा झाली. कोझ्मा यांस पंधरा वर्षांची कैद. १९५४ सालीं ते सुटले.

सुटल्यावर ते बुडापेस्टच्या तांत्रिक विद्यापीठांत अध्यापनास परतले आणि १९५५ ते १९५८ या काळांत त्यांनीं ‘मेस-१’ हें यंत्र बांधलें. त्यांत सुमारें दोन हजार रिले होते. आज्ञावली द्यावयाची ती क्ष-किरण छायाचित्रांच्या फिल्मला भोकें पाडून. उत्तर टंकयंत्रावर उमटे. खरें पाहतां तोंपर्यंत निर्वात नळ्यांचीं कितीतरी वेगवान यंत्रें परदेशांत झालीं होतीं, आणि बुडापेस्टमध्येंच रशियन आराखड्यावरून तसें एक यंत्र तयार होत होतें. परंतु मेस-१ ची आंखणी हंगेरींतच झालेली होती. शिवाय त्यांतील प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला डोळ्यांनीं दिसे आणि कानांनीं ऐकूं येई. शिक्षकाला याहून अधिक काय हवें?

कोझ्मा १९८३ सालीं वारले. अमेरिकेंतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेनें गणकयंत्राच्या आद्य प्रवर्तकांस द्यावयाचा सन्मान १९९६ सालीं त्यांस मरणोत्तर दिला. एका राजवटीनें जन्म पाहून त्यांस विद्येपासून दूर ठेविलें, दुसरीनें कंपनी पाहून तुरुंगांत टाकलें. त्या माणसानें मात्र सुटतांच वर्ग गांठला आणि ज्या देशानें कैद दिली, त्याच देशाच्या मुलांना मोजण्याचें नवें यंत्र उघडून दाखविलें.