बाई चांगली मिळाली म्हणजे काय?

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की भेटायला येणाऱ्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘बाई कशी मिळालीय?’ उत्तरंही दोनच. ‘नशिबाने चांगली आहे’, नाहीतर ‘काय सांगू, ही चौथी.’ पक्षाघात झालेल्या, स्मृतिभ्रंशाने भरकटलेल्या, स्वतःहून कूसही न बदलू शकणाऱ्या माणसाची घरची देखभाल हा स्वभावाचा आणि नशिबाचा मामला आहे, हे आपण इतकं धरून चाललो आहोत की ते एक मत आहे याचाच विसर पडला आहे. मला ते मत साफ चुकीचं वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. घर म्हणजे हॉस्पिटल नव्हे. माया मोजता येत नाही, आणि मोजायला गेलं की हाती उरतात फक्त फायली. शिवाय उंबऱ्याच्या आत सरकारचं काय काम? यातला फायलींचा मुद्दा पोकळ नाही. इंग्लंडमध्ये घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांना केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, आणि नवख्या कर्मचाऱ्यांसाठी २०१५पासून ठरावीक मानकांचं केअर सर्टिफिकेट आहे. त्याच इंग्लंडमध्ये पंधरा मिनिटांत कपडे बदलून, भरवून पुढच्या घरी धावणाऱ्या सेविकांवरून गदारोळ झाला. शेवटी अर्ध्या तासाहून छोटी भेट अपवाद म्हणूनच असावी, असं तिथल्या ‘नाइस’ या संस्थेला मार्गदर्शिकेत लिहावं लागलं. पण यावरून सिद्ध काय होतं? वेळ न देता नुसती मानकं दिली तर ती कागदावर राहतात, एवढंच. म्हणजे वेळेचंही मानक हवं.

मायेच्या बाजूने आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा. तिथल्याच परिचारिका, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानभाग यांना सहकारी परिचारिकांनी १९७३पासून २०१५पर्यंत, ४२ वर्षं सांभाळलं. वर्षानुवर्षं खाटेवर असूनही तोवर त्यांना एकदाही शय्याव्रण झाला नाही, असं तत्कालीन अधिष्ठाता डॉ. संजय ओक यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळवलं होतं. ते प्रेमच होतं, शंका नाही. पण माकडहाडावरची कातडी नुसत्या प्रेमाने शाबूत राहत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्री दोनला आणि चारलाही. चादरीला चुणी चालत नाही, ओलं कापड तसंच राहून चालत नाही, टाचा गादीला टेकून चालत नाहीत. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचा. फिका पडला नाही तर लगेच वर सांगायचं. आणि ड्यूटी संपवून निघताना हे सगळं पुढचीच्या कानावर घालायचं. त्या ४२ वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. एकीची माया दुसरीच्या हवाली करता येत नाही, कामाची रीत करता येते.

उलट, मायेनेच घात होतो अशीही उदाहरणं आहेत. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातलेल्या आजींना उठवून बसवायचं जिवावर येतं, म्हणून आडव्याच ठेवून दूध सोडणारी मावशी निर्दय नसते. तिला त्यांची दया आलेली असते. डोकं-पाठ उंच केली नाही, नळी जागेवर आहे की नाही पाहिलं नाही, भरवल्यावर लगेच आडवं केलं, की ते दूध उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होतो. लुळ्या हाताला धरून ‘चला बाबा, उठा’ म्हणत ओढणारीही प्रेमानेच ओढते. खांदा मात्र सटकतो. आणि पाण्याची किंवा हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, हा समज तर शिकल्या-सवरलेल्या घरांतला.

‘आम्ही कॅमेरा लावलाय, पोलीस व्हेरिफिकेशन केलंय’ हे हल्लीचं उत्तर. कॅमेरा चोरी टिपेल, मारहाण टिपेल. नळी चुकीच्या जागी आहे हे त्याला कळत नाही. आजींचं अंग पुसणं मात्र तो इमानेइतबारे ऑफिसात बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर पाठवतो. व्हेरिफिकेशनवरून बाईवर गुन्हा नाही एवढं समजतं. तिला काय येतं, ते नाही.

आता उंबऱ्याचा मुद्दा. कायदा आपल्या घरात केव्हाच आला आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने राहतं घर हे घरकामगार बाईचं कामाचं ठिकाण मानलं. बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी जाते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. वजन करते, ताप पाहते, नोंद करते. त्यामागे गडचिरोलीतलं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम आहे. फारसं न शिकलेल्या बायका घरच्या घरी नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून ठरलेल्या रीतीने इंजेक्शन देऊ शकतात, आणि त्यामुळे नवजात मृत्यू निम्म्याहून खाली येतात, हे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकड्यांनिशी मांडलं. तेव्हा ‘या बायकांना नियम कुठले समजणार’ हा आक्षेप निदान महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. केरळमध्ये तर उपशामक सेवेचं सरकारी धोरण २००८पासून आहे. प्रशिक्षण घेतलेले शेजारीपाजारी आणि नर्स घरी येतात, म्हणून तिथल्या घरांची हॉस्पिटलं झालेली नाहीत.

मग खरी अडचण कुठे आहे? सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५च्या कायद्याने परवाना लागतो, आणि त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर नळी, कॅथेटर आणि इन्सुलिन सांभाळायला बाई पाठवणाऱ्या ब्युरोला तसं कुणी काही विचारत नाही. १९४९चा नर्सिंग होम कायदा नर्सिंग होमच्या दाराशी थांबतो. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निर्वाहखर्चाचं आणि वृद्धाश्रमांचं बघतो. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं यांची तरतूद त्याच कायद्याच्या २०१९च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते मंजूर झालं नाही.

मानकं म्हणजे मावशींवर पाळत, असंही एक सहानुभूतीचं म्हणणं आहे. मला दिसतं ते नेमकं उलट. ‘रात्री ओरडतात हो, झोपेची अर्धी गोळी जास्त द्या’ असं मालकीणबाई म्हणाल्या तर ब्युरोच्या बाईने नाही कुठल्या बळावर म्हणायचं? ‘आम्हाला परवानगी नाही’ हे वाक्य तिच्या हाती द्यायला नियमच लागतो. आणि ती ‘चोवीस तासांची बाई’ घ्या. कूस दर दोन तासांनी बदलायची तर एकट्या बाईने झोपायचं कधी? ती झोपली तर रात्री कूस बदलली जात नाही, नाही झोपली तर दिवसा तिच्या हातून औषधं चुकतात. ज्या घराने एकच चोवीस तासांची बाई ठेवली, त्याने रात्रीची शुश्रूषा मुळात विकतच घेतलेली नाही. हा हिशेब ब्युरोला ठाऊक असतो. घरचे तो करायचं टाळतात, कारण दोन पाळ्यांचा खर्च डोळ्यांपुढे येतो.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. दोन पाळ्या, प्रशिक्षण, देखरेखीची नर्स यांचे पैसे कुणीतरी भरायचेच. जपानने एप्रिल २०००पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला आणि चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून त्याचा हप्ता घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तो दिवस लांब आहे. पण ब्युरोची नोंदणी, कामाला लागण्याआधी ठरावीक तासांचं प्रशिक्षण, पेशंटच्या उशाशी नोंदवही आणि आठवड्याला नर्सची एक फेरी यांसाठी विम्याची वाट पाहायची गरज नाही. ब्युरो आजही बाईच्या पगारातून किंवा घरच्यांकडून दरमहा कमिशन घेतो. त्या कमिशनच्या बदल्यात त्याने काय द्यायचं, ते तेवढं अजून कुठे लिहिलेलं नाही.