स्मृतियंत्राचे दोन आराखडे : पॉल ओत्ले आणि व्हॅनेवार बुश

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा गणनयंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बॅबेजचे यंत्र, दुसऱ्या महायुद्धातील गणकयंत्रे आणि ट्रान्झिस्टर हे त्यातील ठरलेले टप्पे होत. परंतु आज बहुसंख्य लोक संगणक वापरतात ते आकडेमोडीसाठी नव्हे, तर माहिती शोधण्यासाठी. या वापराची पूर्वकल्पना ग्रंथसूचीच्या क्षेत्रात घडत गेली. प्रस्तुत लेखात अशा दोन कल्पनांची तुलना केली आहे.

ओत्ले यांची विश्वसूची

बेल्जियमचे पॉल ओत्ले (1868-1944) हे शिक्षणाने वकील होते. 1895 मध्ये त्यांनी हेन्री ला फॉन्तेन यांच्यासह ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली. जगातील प्रत्येक प्रकाशित लेखनाची नोंद एकेका कार्डावर करावी, हा तिचा उद्देश होता. ड्युई यांच्या 1876 च्या दशांश वर्गीकरणाचा विस्तार करून त्यांनी वैश्विक दशांश वर्गीकरण सिद्ध केले. पुढे कार्डांची संख्या 1 कोटी 20 लाखांवर गेली. पत्राने प्रश्न पाठविणाऱ्यास शुल्क आकारून संबंधित नोंदींच्या प्रती पुरविल्या जात. 1934 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रलेखनविषयक ग्रंथात ओत्ले यांनी त्यापुढची कल्पना मांडली : वाचकाच्या मेजावर केवळ पडदा आणि दूरध्वनी असेल, ग्रंथ दूरच्या भव्य इमारतीत असतील आणि हवे ते पान पडद्यावर उमटेल.

बुश यांचे मेमेक्स

जुलै 1945 मध्ये अमेरिकेच्या युद्धकालीन वैज्ञानिक संशोधनाचे प्रमुख व्हॅनेवार बुश यांनी 'अटलांटिक' मासिकात मेमेक्स या यंत्राची कल्पना मांडली. मेजाच्या आत मायक्रोफिल्मवर व्यक्तीचा संपूर्ण ग्रंथसंग्रह साठविलेला असेल आणि वाचक स्वतः दोन मजकुरांना कायमचे जोडू शकेल, असे तिचे स्वरूप होते. धर्मयुद्धांच्या काळातील तुर्की आणि इंग्रजी धनुष्यांचा अभ्यास करणाऱ्या वाचकाचे उदाहरण त्यांनी दिले. वर्णानुक्रम वा अंकक्रमाने लावलेली सूची कृत्रिम असते, मन मात्र साहचर्याने चालते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हे यंत्र प्रत्यक्षात कधीच तयार झाले नाही, तरी त्याची परंपरा निर्माण झाली. डग्लस एंगलबार्ट यांनी 1962 मध्ये बुश यांना पत्र लिहून या लेखाचे ऋण मान्य केले; 1965 मध्ये 'हायपरटेक्स्ट' ही संज्ञा मांडणारे टेड नेल्सन यांनीही ते मान्य केले.

स्मरण आणि विस्मरण

बुश यांच्या लेखात ओत्ले यांचा उल्लेख नाही. दोन कल्पनांपैकी एकच स्मरणात राहिली, याचे कारण केवळ त्यांच्या गुणवत्तेत शोधता येत नाही. ओत्ले यांचे कार्य एका शहरावर आणि शासनाच्या आश्रयावर अवलंबून होते. 1934 मध्ये बेल्जियन शासनाने त्यांच्या संस्थेचे दालन बंद केले. 1940 नंतर जर्मन अधिकाऱ्यांनी चित्रप्रदर्शनासाठी जागा मोकळी करताना संग्रहाचा मोठा भाग नष्ट केला. याउलट बुश यांच्यामागे विजयी राष्ट्राची विज्ञानव्यवस्था आणि मोठा वाचकवर्ग होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डब्ल्यू. बॉइड रेवर्ड यांच्या संशोधनामुळे ओत्ले पुन्हा प्रकाशात आले. 1998 मध्ये मॉन्स येथे उर्वरित संग्रहाचे संग्रहालय सुरू झाले.

समारोप

ओत्ले यांनी ज्ञानाचा क्रम तज्ज्ञांच्या हाती ठेवला, बुश यांनी तो वाचकाच्या हाती दिला. पहिल्यात सर्वांना समान अशी शिस्त आहे, पण मांडणी ठरविणाऱ्याची दृष्टी सर्वांवर लादली जाण्याचा धोकाही आहे. दुसऱ्यात स्वातंत्र्य आहे, पण एकाने काढलेली वाट दुसऱ्यास सापडेलच याची हमी नाही. 1989 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे मांडलेल्या जालाने जोडणीचे तत्त्व स्वीकारले. वर्गीकरणाची उणीव पुढे शोधयंत्रांना भरून काढावी लागली. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा विचार करताना यंत्राच्या क्षमतेइतकेच दोन जुने प्रश्न महत्त्वाचे ठरतात : संग्रहाची मांडणी कोण ठरवितो आणि आश्रय सुटल्यावर त्याचे रक्षण कोण करतो? ओत्ले यांच्या कार्याची शोकांतिका यंत्राच्या अभावी घडली नाही. ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसल्यामुळे घडली.