शिबंदी

आमचे शालक जळगावला केळीचे वेफर्स करतात. चार कढया आणि नऊ माणसं, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. मध्यंतरी मुंबईची मोठी ऑर्डर आली आणि तीन महिन्यांत नवाची एकतीस माणसं झाली. कढया मात्र पाचच! मी गेलो तेव्हा दोघे केळी सोलत होते आणि तिघे ती नीट सोलली जातात की नाही ते पाहत होते.

"दाजी, माणसं वाढली म्हणजे धंदा वाढला," शालक म्हणाले.

मी धुळ्याचा. राजवाडे संशोधन मंडळात जुनी पुस्तकं चाळायची मला खोड आहे, आणि चाळलेलं दुसऱ्याला ऐकवायची त्याहून मोठी. शेवभाजीचा रस्सा पुढ्यात निवत असताना मी त्यांना यशवंतराव होळकर ऐकवले.

२५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळीत यशवंतरावांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. जिंकणाऱ्याच्या दारी माणसांची रीघ लागते, तशी लागली. फौज फुगली. पगार? तो मुलखानं द्यायचा, म्हणजे लुटीतून. त्या साली होळकरी फौजेनं आपला खानदेश धुऊन काढला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. मुलूख उजाड, खजिना रिकामा, हजेरीपट तेवढा भरलेला!

डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी तह झाला. लढाई संपली, फौज उरली. माल्कम लिहितो की, वीस हजार दक्षिणी स्वारांना निरोप द्यायचं ठरलं. स्वार म्हणाले, आधी तुंबलेला पगार टाका. त्यांचं तरी काय चुकलं? घोडा स्वतःचा, चंदी उधारीची! शेवटी यशवंतरावांना आपला पुतण्या खंडेराव त्यांच्याकडे ओलीस ठेवावा लागला. स्वारांनी त्या पोरालाच धनी म्हणून उभं केलं, आणि पुढे ते पोर जिवानिशी गेलं.

१८११ साली यशवंतराव वारले. थकबाकी मात्र जिवंत राहिली. २० डिसेंबर १८१७ ला कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रेकाठी मारलं. दुसऱ्याच दिवशी महिदपूरला पराभव झाला, आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानं होळकरांचा खानदेश इंग्रजांच्या घशात गेला.

"थोडक्यात," मी म्हणालो, "आधी धनी माणसं ठेवतो. पगार तुंबला की माणसं धन्याला ठेवून घेतात."

शालक गप्प झाले. आठवड्यानं त्यांचा फोन आला. "दाजी, पटलं तुमचं. भरती बंद. शेवटी आलेला पहिला कमी करतोय. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून, बरं का!"

शेवटी आलेला म्हणजे आमचा पुतण्या. मीच चिकटवला होता.

तेव्हापासून आमचे थोरले बंधू रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसतात. चहा घेत नाहीत, बोलत नाहीत, उठतही नाहीत. होळकरशाहीत याला धरणं म्हणत.