हिरवा कागद, ओल आणि बुरशी

शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. वर्गात ती शिकविताना आम्ही भिंतीवरच्या त्या पिवळ्या कागदाकडे नेहमीच प्रतीक म्हणून पाहिले. पितृसत्ता, बंदिवास, दडपलेले लेखन, जे काही त्यात वाचता येईल ते वाचले. नायिकेला कागदाचा वास येतो, दमट हवेत तो असह्य होतो, केसांतही बसतो, हा तपशील मात्र भ्रमाच्या खाती टाकून आम्ही पुढे जात असू. कथा छापली जात होती त्याच सुमारास रोममध्ये बार्तोलोमेओ गोसिओ नावाचा वैद्यकीय संशोधक ओल्या भिंतीवरच्या कागदाच्या अशाच वासाचा प्रयोगशाळेत माग काढीत होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

हा माग शंभराहून अधिक वर्षे मागे जातो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ मध्ये तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून एक झळझळीत हिरवा रंग तयार केला. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून टिकाऊ अशी हिरवी छटा निघाली. ब्रिटनमध्ये १८३६ साली भिंतीच्या कागदावरील कर उठला, कागद यंत्रावर छापला जाऊ लागला, आणि हा हिरवा रंग श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून कारकुनाच्या खोलीत उतरला. सोमल स्वस्त होता आणि हिरव्याखेरीज इतर रंगांतही वापरला जाई. कागद डकवायला पिठाची खळ, मागे ओल धरणारा गिलावा, हिवाळ्यात बंद खिडक्या : बुरशीला याहून अधिक काय हवे!

अशा खोल्यांत राहणारी माणसे डोकेदुखी, घशाची जळजळ, पोटाचे विकार यांची तक्रार करू लागली. लेओपोल्ट ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच जाहीर इशारा दिला होता, की हिरव्या कागदाच्या दमट खोल्यांत एक चमत्कारिक वास येतो आणि तो सोमलाच्या वायूचा असावा. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातील चार मुले एकामागून एक दगावली. रोगाचे नाव घटसर्प असे ठरले होते. हेन्री लेथबी यांनी त्या घरचा हिरवा कागद तपासून त्यात विपुल सोमल असल्याची साक्ष दिली, तरीही पंचांनी मृत्यू नैसर्गिक ठरविला.

येथे विल्यम मॉरिस यांचे नाव घेणे भाग आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला ते जड जाते. 'द अर्थली पॅरडाइज'चा कवी, पुढे समाजवादाचा प्रचारक, यंत्राने कुरूप केलेल्या जगात हाताच्या कारागिरीचा कैवार घेणारा हा माणूस भिंतीच्या कागदांचा नामांकित रचनाकार होता. तसाच तो १८७१ ते १८७५ या काळात डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाणकंपनीचा संचालकही होता. ही खाण आरंभी तांब्याची, नंतर मुख्यतः सोमलाची. मॉरिस यांच्या 'ट्रेलिस' या सुरुवातीच्या कागदाचा नमुना २००३ मध्ये तपासला गेला, तेव्हा त्याच्या हिरव्या रंगात सोमल सापडला. १८८५ मधील एका खासगी पत्रात मॉरिस यांनी विषारी कागदाची ही सारी भीती म्हणजे डॉक्टरांना चेटकिणीच्या भयासारखी जडलेली खुळी समजूत आहे, अशी थट्टा केली आहे. कवीच्या थोरवीला याने बाधा येत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही. जे उपयुक्तही नाही आणि सुंदरही वाटत नाही असे काही घरात ठेवू नये, असे सांगणाऱ्या माणसाला त्या घरात आजारी पडणाऱ्यांचे म्हणणे ऐकू येऊ नये, ही गोष्ट त्याच्या सौंदर्यविचारासंबंधीही काही सांगते.

अमेरिकेत याउलट एक विलक्षण पुस्तक निघाले. मिशिगनमधील रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ मध्ये सोमलयुक्त कागदांचे शहाऐंशी खरेखुरे तुकडे बांधून 'शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ' या नावाने सुमारे शंभर प्रती राज्यातील ग्रंथालयांना धाडल्या. वाचकांना सावध करण्यासाठी पाठविलेले ते पुस्तकच विषारी असल्याने बहुतेक ग्रंथालयांनी पुढे ते नष्ट केले. आज मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

तरीही कोडे सुटले नव्हते. रंगाचे पोपडे न उडणाऱ्या खोलीतही माणूस आजारी का पडतो? गोसिओंनी कुस्करलेल्या बटाट्यात सोमल मिसळून तो उघडा ठेवला. काही दिवसांत त्यावर बुरशी चढली आणि लसणासारखा दर्प सुटला. त्या हवेत ठेवलेला उंदीर मेला. म्हणजे खळीवर जगणारी बुरशीच रंगातील सोमलाचा वायू करून सोडते! सोमलाचा लेशही या बुरशीला वासातून उघड करता येई, त्यामुळे विष ओळखण्याच्या चाचणीसाठीही तिचा उपयोग झाला. (जाता जाता : याच गोसिओंनी १८९३ मध्ये बुरशीतून जे आम्ल वेगळे काढले, त्याचे एक रूप आज मूत्रपिंडरोपणानंतर रुग्णांना औषध म्हणून दिले जाते.) १९३० च्या दशकाच्या आरंभी लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर यांनी हा वायू ट्रायमिथाइलआर्सिन असल्याचे दाखविले, आणि गोष्ट पूर्ण झालीसे वाटले. १९८० च्या दशकात तर सेंट हेलेना बेटावरील नेपोलियनच्या निवासातील कागदाचा एक तुकडा मिळाला, त्यात सोमल निघाला, आणि बादशहाच्या मृत्यूलाही बुरशी जबाबदार धरली गेली.

इतकी घोटीव कथा हाती आली की समीक्षकाने थबकावे. नेपोलियनच्या बालपणीच्या केसांतही सोमलाचे प्रमाण तसेच चढे असल्याचे इटालियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. त्याआधी २००५ मध्ये कलन आणि बेंटली या रसायनशास्त्रज्ञांनी मूळ गृहीतकालाच हात घातला : हा वायू हुंगल्याने माणूस मरावा इतका तो विषारी नाहीच. मग त्या खोल्यांतील माणसे कशाने आजारी पडली? काही रंगाच्या धुळीने, हे उघड आहे. पण जिथे ओल होती तिथे खुद्द बुरशीनेही, अशी शक्यता आता सोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांचा संबंध दमा आणि श्वसनविकारांशी असल्याचे नमूद केले आणि उपाय सांगितला तो ओल हटविण्याचा. गळती बंद करणे, हवा खेळती ठेवणे, भिंत वाळू देणे. पुसलेली किंवा रंगाखाली दडविलेली बुरशी ओल असेतो परतते, हे कोकणात पावसाळा काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

शतकभराच्या वादात वायूचे नाव बदलले, दोषी बदलला. 'या खोलीत आल्यापासून बरे नाही' हे राहणाऱ्यांचे म्हणणे तेवढे सुरुवातीपासून तेच होते. गिलमनच्या कथेतील डॉक्टर नवरा आधी कागद बदलण्याचे कबूल करतो, मग असल्या लहरींना शरण जाऊ नये म्हणून नकार देतो. तो परिच्छेद आता आम्ही प्रतीक म्हणून वाचण्याआधी घरदुरुस्तीची फेटाळलेली तक्रार म्हणून वाचतो.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा वारला. भाड्याच्या सदनिकेतील बुरशीबद्दल त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. तिच्यावर रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने घरातील बुरशी हेच मृत्यूचे कारण असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांना अशा तक्रारीची ठरलेल्या मुदतीत दखल घेणे बंधनकारक झाले.